धडा एकाचा, उपयोग अनेकांना

पालघरच्या एखाद्या महाविद्यालयात अणुवीज शिकवायची आहे, असे समजू. तारापूर जवळच आहे. तेथील १९६९ च्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत पाणी भट्टीतच उकळते आणि तीच वाफ टर्बाइन फिरवते. २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या दोन भट्ट्यांत मात्र जड पाणी उष्णता वाहून नेते आणि वाफ होते ती वेगळ्या, साध्या पाण्याची.

हा सगळा धडा शिक्षकाने पहिल्यापासून लिहायचा का? अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने आपले अभ्यास-साहित्य सर्वांना खुले करण्याचे २००१ मध्ये जाहीर केले. ते बदलता येते, मराठीतही आणता येते. अटी तीनच : मूळ लेखकाचा उल्लेख करायचा, व्यापारी उपयोग करायचा नाही आणि बदललेला धडाही याच अटींवर इतरांना द्यायचा.

‘फुकट’ आणि ‘खुले’ यांत फरक आहे तो इथेच. फुकट धडा वाचता येतो. पण त्यात तारापूरची आकृती घालून तो बोईसरच्या शिक्षकांना वाटायचा, तर परवानगी लागते. म्हणून आपणही आपल्या टिपणांवर अशी परवानगी लिहून ठेवूया. नाहीतर आपण निवृत्त होतो आणि टिपणे कपाटातच राहतात.