थुंकी नको, बेडका द्या!

आमच्या वस्तीतल्या एका वहिनींना तीन आठवडे खोकला होता. दवाखान्यात डबी मिळाली. चारचौघांत खाकरायची लाज, म्हणून त्यांनी तोंडातली लाळच डबीत टाकली. अहवाल आला, ‘जंतू नाहीत’. घरचे निर्धास्त झाले. दीड महिन्याने पुन्हा तपासणी झाली तेव्हा क्षय निघाला.

नावातच घोळ आहे. सगळे ‘थुंकी तपासणी’ म्हणतात, पण हवा असतो छातीतून निघालेला बेडका. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ते पाच-दहा हजार तरी लागतात. सीबीनॅट यंत्राला शे-दीडशेही पुरतात. पण डबीत नुसती लाळ असेल तर यंत्र तरी काय करणार?

सकाळी उठल्याबरोबर चूळ भरा. मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर उभे राहा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून जोराने खोका. अर्धा चमचा बेडका पुरे.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत राबणाऱ्या बांधवांनी दोन आठवड्यांचा खोकला ‘धुळीचाच’ म्हणून अंगावर काढू नये. वाळूच्या बारीक धुळीने क्षयाचा धोका उलट वाढतो. सीपीआरसह सरकारी दवाखान्यांत तपासणी व औषधे मोफत आहेत. रोग निघालाच तर नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिना १,००० रुपये मिळतात. बँकेचे पासबुक बरोबर न्या.