छापखान्याचे सॉफ्टवेअर : मुक्त की विकतचे?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या छोट्या छापखान्यांना आणि प्रकाशकांना संगणकाच्या कामात मदत करताना एक प्रश्न हमखास कानावर येतो : ‘ते फुकटचे सॉफ्टवेअर घेतले तर चालेल का हो?’ विचारणाऱ्याच्या मनात पैशांचा हिशेब असतो. माझ्या मते हा प्रश्न आधी मालकीचा आहे, आणि मराठी मजकुराने त्याची किंमत एकदा मोजलेली आहे.

खिळ्यांच्या काळी व्यवहार सरळ होता. निर्णयसागरचे खिळे विकत घेतले की ते तुमचे. यंत्र कुठले, शाई कुणाची, याची चौकशी खिळे करीत नसत. संगणक आला आणि आपण खिळ्यांऐवजी वापरण्याचा परवाना विकत घेऊ लागलो. अनेक मराठी फाँटांबरोबर डोंगल मिळे, म्हणजे संगणकाच्या मागे खोचायचे कुलूप. ते हरवले की फाँट असून नसल्यासारखा.

खरी गोम मात्र आणखी आत होती. १९९०च्या दशकात आपल्याकडे पाने लावली जात ती प्रामुख्याने पेजमेकरवर. त्याला देवनागरी कळत नव्हती. मग फाँट बनवणाऱ्यांनी युक्ती केली. रोमन अक्षरांच्या घरांत त्यांनी देवनागरीचे तुकडे बसवले : कुठे अर्धा क, कुठे काना, कुठे ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर ‘कविता’ दिसे, पण फाइलमध्ये रोमन अक्षरेच साठत. शिवाय कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. त्यामुळे एका फाँटातला मजकूर दुसऱ्यात नेला की गिचमिड होई. शोध घेता येत नसे, शब्दांची अकारविल्हे सूची लावता येत नसे. त्या काळात दुसरा मार्ग सोपा नव्हता हेही खरे, आणि ज्यांनी ही युक्ती केली त्यांच्यामुळेच मराठी छपाई संगणकावर आली.

मध्यंतरी एका वाचनालयाने आपल्या जुन्या स्मरणिकांच्या सीडी माझ्याकडे सोपवल्या. फायली उघडल्या, पण पानभर रोमन अक्षरांचा खच. डोंगल कुणाकडे राहिले ते कुणालाच आठवेना. छापील अंक शेजारी ठेवून एकेक तुकडा ओळखत मी जुळणीचा तक्ता केला. असे तक्ते वापरणारी तयार परिवर्तके आहेत, पण जोडाक्षरांपाशी ती अडखळतात. मजकूर साधा करून घेतला की फाँटाची खूणही जाते, मग मधले इंग्रजी शब्दसुद्धा मराठी समजून बदलले जातात. स्मरणिकांतल्या लेखकांपैकी काही आज हयात नाहीत. त्यांचे लेखन दुसरीकडे कुठेही नाही.

याला उत्तर असलेले युनिकोड १९९१ सालीच आले होते, आणि त्यातली देवनागरी आपल्याच ‘इस्की’ या भारतीय मानकावर बेतलेली होती. तरी छापखान्यांपर्यंत ते पोचायला दोन दशके गेली, कारण पाने लावणारी सॉफ्टवेअरे तयार नव्हती. अडोबीच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय २०१२च्या आवृत्तीत आली. पुढच्याच वर्षी कंपनीने नव्या आवृत्त्या एकरकमी विकणे थांबवून भाडे सुरू केले. मुक्तस्रोत गटातल्या स्क्रायबसच्या स्थिर आवृत्तीत देवनागरी नीट जुळू लागली ती तर थेट जानेवारी २०२४मध्ये. मुक्त म्हणून वेगवान, असे काही नसते.

मुक्तस्रोत म्हणजे ज्याची मूळ घडण कुणालाही पाहता, बदलता आणि पुढे वाटता येते ते. मुक्त म्हणजे कमअस्सल, हा समज आपल्याकडे पक्का आहे. त्यावर एक उदाहरण पुरेसे आहे. रेड हॅटने खुले केलेले ‘लोहित’ फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवले होते, आणि ‘श्रीलिपी’ विकणारी कंपनी तीच. करणारे हात तेच, फरक परवान्याचा. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ हा फाँटही असाच खुला आहे आणि पुस्तकाच्या मजकुरालाही शोभतो.

म्हणून सगळे विकतचे फेकून द्यावे का? मी तसा सल्ला देत नाही. रत्नागिरीत कोरल ड्रॉ किंवा इनडिझाइन येणारा ऑपरेटर मिळतो, स्क्रायबसवाला शोधावा लागतो. दिवाळीच्या तोंडावर पान बिघडले तर फोन कुणाला करायचा, हा खर्च ‘फुकट’च्या हिशेबात कुणी धरत नाही. शिवाय बोटांची सवय : टाइपरायटरच्या पद्धतीने वीस वर्षे काम केलेल्या माणसाला इनस्क्रिप्टवर आणणे म्हणजे त्याला पुन्हा उमेदवारी करायला लावणे. (त्याच जुन्या मांडणीचे युनिकोड कळफलक मिळतात, हे मात्र फार जणांना ठाऊक नसते.)

जमाखर्चाचे गणित आणखी निराळे. १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यापासून आंबा-काजूचा छोटा व्यापारीसुद्धा सीएच्या सोयीने चालतो, आणि सीएकडे बहुधा टॅली असते. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईत घडलेले मुक्त सॉफ्टवेअर चांगले आहे, पण ते सांभाळायला जाणता माणूस हवा. एकट्याच्या दुकानाला मी टॅलीच सुचवतो.

छापखान्यासाठी माझी विभागणी अशी : मजकूर आणि फाँट मुक्त, पाने लावायला जे हाताला बसेल ते. काम संपले की तीन गोष्टी जपायच्या : युनिकोडमधला साधा मजकूर, पीडीएफ, आणि इनडिझाइन असेल तर आयडीएमएल. ही शेवटची फाइल त्याच कंपनीने ठेवलेली बाहेरची वाट आहे, ती फार थोडे वापरतात. नवा फाँट घेताना मी आधी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द शेजारी टाइप करतो, मग ‘वाङ्मय’, आणि शेवटी ल व श मराठी वळणाचे येतात का ते पाहतो. ‘दऱ्या’ मोडला, तर तो फाँट मी पुस्तकाला लावत नाही.