पट्ट्याचा रंग आणि ‘दो’चा अर्थ

तायक्वांदो ही कोरियन युद्धकला शालेय क्रीडास्पर्धांत आल्यापासून आपल्या वनजिल्ह्यांनाही अपरिचित राहिलेली नाही. पांढऱ्या गणवेशातील मुले आधी प्रतिस्पर्ध्यास वाकून अभिवादन करतात आणि मगच पाय उचलतात. या अभिवादनाचा अर्थ आपण त्यांना कधी सांगतो काय?

‘ताए’ म्हणजे पाय, ‘क्वॉन’ म्हणजे मूठ आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. परंपरा या कलेचे मूळ प्राचीन सिला राज्यातील ‘ह्वारांग’ तरुणांपर्यंत नेते. वस्तुतः तिचे आजचे रूप १९४५ साली जपानी राजवट संपल्यानंतर घडले, त्यावर कराटेची छाप आहे आणि तिचे नावही १९५५ मधले. जनरल चोई होंग ही यांनी तिला पाच तत्त्वे घालून दिली : सौजन्य, सचोटी, चिकाटी, आत्मसंयम आणि अजिंक्य मनोबल. पट्ट्यांचे रंगही याच मार्गावरील टप्पे होत. पांढरा म्हणजे कोरी पाटी, हिरवा म्हणजे वाढणारे रोप. आणि काळा पट्टा मिळाल्यावरही पहिल्या ‘दान’पासून गणना पुन्हा सुरू होते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला येथे एक धोका दिसतो. जे मोजले जाते, तेच कालांतराने साध्य होऊन बसते. दहावी-बारावीस खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. जेथे धानाची एका पिकाची शेती आणि तेंदूपत्त्याची हंगामी मजुरी हाच संसाराचा आधार, तेथे बापाने मुलाच्या पट्ट्यात नोकरी पाहिली तर त्यास दोष देणे हा सुखवस्तूंचा उपदेश ठरेल.

परंतु प्रमाणपत्र हे चलन झाले की खोटे नाणेही बाजारात येतेच. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आलेली आहेत. खोटे नाणे खऱ्यास हुसकावून लावते, हा ग्रेशॅमचा नियम येथेही लागू पडतो. आणि हुसकावला जातो तो भामरागडहून दीडशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून गडचिरोलीस येणारा मुलगा. त्याच्यापाशी घाम असतो, ओळख नसते.

तेव्हा प्रत्येक स्पर्धेतील सहभागींची नावे व निकाल कोणासही पडताळता येतील अशा रीतीने जाहीर व्हावेत, आणि निवड चाचण्या तालुक्याच्या ठिकाणी, आश्रमशाळांच्या आवाक्यात घ्याव्यात. खर्च फारसा नाही. इच्छाशक्ती मात्र हवी.

२०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. चिकाटी आणि मनोबल यांची या मातीत वाण नाही, याचा याहून मोठा दाखला कोणता? पाच तत्त्वांपैकी ही दोन मुलांनी सिद्ध केली आहेत. सचोटीची परीक्षा मुलांची नव्हे, प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या आपणा प्रौढांची आहे.