भूकंपकाळी उघड्यावरील निवारा : ताडपत्री व झोळी यांची निवड

डहाणू व तलासरी या तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिचा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस प्रत्यक्ष आलेला आहे. ता. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घराबाहेर पळताना पडून हळदपाडा येथील एका बालिकेचा अंत झाला. पुढे जुलै २०१९ मध्ये, ऐन पावसाळ्यात, रात्री घराची भिंत कोसळून डहाणू तालुक्यात एक मनुष्य दगावला. त्या हिवाळ्यात धुंदलवाडीच्या आसपास सरकारी तंबू उभारले गेले व कित्येक कुटुंबांनी रात्री उघड्यावर काढल्या. अशा मालिकेत एकच मोठा धक्का येऊन प्रकरण मिटत नाही. आठवडेच्या आठवडे धक्के येत राहतात व अगोदरच तडकलेली भिंत प्रत्येक धक्क्याने अधिक दुबळी होते. यास्तव एका रात्रीपुरता नव्हे, तर पावसातही महिनाभर टिकेल असा निवारा आपल्या घरी अगोदर तयार असला पाहिजे. त्याची निवड कशी करावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हल्ली बाजारात दोन वस्तू मिळतात : एक ताडपत्री व दुसरी झाडांमध्ये टांगण्याची कापडी झोळी, जिला दुकानदार हॅमक म्हणतात. दोहोंपैकी प्रथम ताडपत्री घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाच माणसांच्या कुटुंबास पाच झोळ्या व त्या बांधण्यास तितक्याच झाडांच्या जोड्या लागतील; शिवाय तान्ही मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांस झोळी सोयीची नाही. त्यांस बाज किंवा खाटच हवी.

ताडपत्रीचा आकार ठरविताना माणसे मोजावी. आपत्तीतील निवाऱ्यासाठी दर माणशी निदान ३.५ चौरस मीटर छताखालील जागा असावी, असा आंतरराष्ट्रीय मदतकार्यातील दंडक आहे. म्हणजे पाच माणसांस १७.५ चौरस मीटर. मदतसंस्था सामान्यतः ४ मीटर × ६ मीटर, म्हणजे सुमारे १३ फूट × २० फूट मापाची ताडपत्री वाटतात. ही ताडपत्री सहा मीटरची बाजू मधोमध दुमडून सहा फूट उंचीच्या आढ्यावर टाकली व दोन्ही कडा जमिनीस टेकविल्या, तर आत सुमारे १९ चौरस मीटर जागा मिळते आणि उतारही पाणी वाहून जाण्याइतका राहतो. चार मीटरची बाजू दुमडल्यास आढे पाच फुटांचे करूनही सोळा चौरस मीटरहून कमीच जागा मिळते.

जाडी हाताने चाचपून कळत नाही. दुकानदार ती ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे दर चौरस मीटरास किती ग्रॅम, अशी सांगतात. याची परीक्षा सोपी आहे : ताडपत्री तराजूवर ठेवावी व वजनास क्षेत्रफळाने भागावे. ४ × ६ मीटरची ताडपत्री २०० ग्रॅमची असेल तर तिचे वजन सुमारे पावणेपाच किलो भरले पाहिजे. तीन किलोच भरली तर ती सव्वाशे ग्रॅमची आहे असे समजावे. ती चार दिवसांच्या कामास ठीक, पावसाळ्यास नव्हे. लांबीरुंदीही फीत लावून मोजून घ्यावी. कडा दुहेरी दुमडलेल्या असाव्यात व मीटरभर अंतरावर धातूची कडी पक्की बसविलेली असावीत. खळ्यावर भात वाळविण्यास किंवा पेंढा झाकण्यास वापरलेली ताडपत्री उन्हाने कडक होऊन घडीवर फाटते. सबब निवाऱ्याची ताडपत्री वेगळी, सावलीत व उंदरांपासून जपून ठेवावी.

उभारणीत जागेची निवड मुख्य होय. घराच्या भिंतीपासून निदान तिच्या उंचीच्या दीडपट अंतर ठेवावे. विजेच्या तारा, पाण्याची टाकी, विटांचे थर व डोंगराचा कडा यांखाली निवारा नसावा. दोरीचे एक टोक घराच्या खांबास किंवा पडवीस बांधण्याचा मोह होतो, पण ज्या भिंतीच्या भयाने आपण बाहेर आलो तिलाच निवारा बांधणे योग्य नव्हे. कारवीच्या कुडाची भिंत हलकी असते. मातीत रचलेल्या विटादगडांची भिंत त्याहून पुष्कळ अधिक धोक्याची. भिजल्या जमिनीत लहान खुंट्या उपटतात, म्हणून दोन फुटी बांबूच्या मेखा तिरप्या ठोकाव्यात व भोवती पाण्यास चर काढावा. ताडपत्रीस झोळ पडू देऊ नये. एक चौरस मीटर जागेत दहा सेंटिमीटर पाणी साचले तरी शंभर किलोंचा भार होतो. ताडपत्रीखाली चूल किंवा शेकोटी कदापि पेटवू नये.

आता झोळीविषयी. तिचा खरा गुण असा की, निजणारा ओल्या जमिनीपासून वर राहतो. मण्यार जातीचा साप रात्री फिरतो व जमिनीवर निजलेल्यांस चावतो. त्या दृष्टीने खाट किंवा झोळी व तिला चहूबाजूंनी बंद मच्छरदाणी हे मोठे संरक्षण होय. घर व गुरे राखण्यास जो एकटा जागता राहतो, त्याच्यासाठी एक झोळी अवश्य घ्यावी. नायलॉनची झोळी लवकर वाळते. सुताची भिजली की जड होते व कुजते. दोन टोकांस लाकडी दांडे असलेली जाळीची झोळी उलटते, ती टाळावी.

झोळी ताणून बांधू नये. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करील इतकी ढिली ठेवल्यास सत्तर किलोंच्या माणसामुळे प्रत्येक दोरीवर सत्तर किलोंचाच ताण येतो. तीच १० अंशांपर्यंत ताणली तर तो दोनशे किलोंवर जातो व दोरी तुटते किंवा बुंधा वाकतो. माणूस बसल्यावर तळ जमिनीपासून दीड फुटाहून उंच नसावा. वरच्या छपरास ३ × ३ मीटरची लहान ताडपत्री पुरते. ती कोपऱ्यावर, म्हणजे कर्णरेषेवर टाकल्यास सव्वाचार मीटर लांबी मिळते. पावसाचे पाणी दोरीवरून आत उतरते, म्हणून झोळीच्या अलीकडे दोरीस सुतळीचा तुकडा लोंबता बांधावा. पाणी तेथून गळून जाते.

झाडांचा विचार आपल्या भागापुरता सांगतो. चिकूची जुनी लागवड दहा मीटर अंतरावर असते. झोळीस चार-पाच मीटर हवेत. म्हणून वाडीच्या आत जागा शोधण्यापेक्षा वाऱ्याच्या आडोशास लाविलेल्या सुरूच्या ओळीत, एकदोन झाडे सोडून, पाऊण वीतभर जाडीचे जिवंत बुंधे निवडावे. नारळ व ताड यांखाली झोळी बांधू नये. फळे व झावळ्या डोक्यावर पडतात. बारीक दोरीने साल कापली जाते व चिकूसारख्या झाडातून चीक वाहतो. याकरिता झाडाभोवती खाटेची रुंद नवार गुंडाळून तिला दोरी बांधावी.

एक इशारा मात्र अवश्य ध्यानात ठेवावा. वादळाचा नियम भूकंपाच्या उलट आहे. मे २०२१ मधील तौक्तेसारखे चक्रीवादळ येणार असेल, तर ताडपत्री व झोळी गुंडाळून पक्क्या इमारतीत जावे. विजा चमकत असतानाही झाडाखाली राहू नये.

अखेरीस, ज्यांच्यापाशी मोकळे शेत आहे त्यांनी शेजारच्या पाड्यांतील मंडळींस, विशेषतः आपल्याच शेतावर राबणाऱ्या कुटुंबांस, अशा वेळी जागा द्यावी; आणि संस्थांनी प्रत्येक गावी काही ताडपत्र्या, बांबू व दोर यांचा सामायिक साठा मृगापूर्वी करून ठेवावा. धक्का बसल्यावर बाजारात धावणाऱ्यास मिळेल ती ताडपत्री मिळेल त्या भावाने घ्यावी लागते, आणि ती रात्र तर घराबाहेर काढावीच लागते.