नकाशातून गायब झालेले शेततळे

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रातला एक पिक्सेल जमिनीवर १० बाय १० मीटरचा असतो. म्हणजे जवळजवळ एक गुंठा. तिथून परतलेला प्रकाश तपासून संगणक गुंठ्यागुंठ्याचा निकाल लावतो: इथे शेत, इथे झाडी, इथे पाणी, इथे वस्ती. लाखो निकालांत काही चुकतातच. डोंगराची सावली पाणी ठरते, उसाच्या फडात मधेच वस्ती उगवते. नकाशावर सगळीकडे ठिपकेच ठिपके. त्यांच्या सीमारेषा काढायला घेतल्या, तर हजारो चिमुकले तुकडे हाती येतात.

मग सुरू होते साफसफाई. एक रीत बहुमताची. प्रत्येक पिक्सेलचे आठ शेजारी पाहायचे आणि बहुसंख्य ज्या वर्गाचे असतील, तोच वर्ग मधल्याला द्यायचा. दुसरी रीत चाळणीची. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती ‘सीव्ह’ नावाने मिळते. एकमेकांना लागून असलेल्या एकाच वर्गाच्या पिक्सेलांचे ती गट करते आणि ठरवलेल्या आकाराहून लहान गट शेजारच्या सर्वांत मोठ्या गटात मिसळून टाकते.

पण कोपऱ्याला कोपरा लागला, तर शेजारी मानायचे का? तिरका वाहणारा अरुंद ओढा अनेकदा कोपऱ्यांनीच जोडलेला असतो. फक्त चार बाजू धरल्या, तर त्याचे सुटे ठिपके होतात आणि ते चाळणीतून पडतात. आठही दिशा धरल्या, तर ओढा वाचतो.

बहुमताऐवजी वर्गांच्या क्रमांकांची सरासरी घेतली, तर मात्र ती घात करते. युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘वर्ल्डकव्हर’ नकाशात शेतीचा क्रमांक ४०, उघड्या जमिनीचा ६० आणि बांधकामाचा ५०. शेत आणि माळ यांची सरासरी काढली, की कुणी वीटही न रचता गाव उभे राहते!

खरी पंचाईत म्हणजे किती लहान तुकडा टाकून द्यायचा. युरोपच्या ‘कोरिन’ भूवापर नकाशात २५ हेक्टरांहून लहान क्षेत्र वेगळे दाखवत नाहीत. महाराष्ट्रात २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार सरासरी वहिवाटच १.३४ हेक्टर. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६मध्ये आली, तेव्हा सर्वांत मोठ्या तळ्याचे माप होते ३० बाय ३० मीटर. सेंटिनेलच्या चित्रात असे तळे फार तर नऊ पिक्सेलांचे. चाळणीची मर्यादा दहावर ठेवली, की ते आजूबाजूच्या शेतात विरघळते.

म्हणून जाणकार मूळ नकाशा जपून ठेवतात, पाण्याचा वर्ग चाळणीतून वगळतात किंवा त्याला वेगळी मर्यादा लावतात. चाळण्याआधीचे आणि नंतरचे प्रत्येक वर्गाचे क्षेत्रफळ ते शेजारी शेजारी मांडतात. पाण्याचा आकडा एकदम घसरला असेल, तर मर्यादा खाली आणून चाळणी पुन्हा चालवतात.