सर्वांत लहान रिकामा क्रमांक

संगणकातील प्रोग्रॅमला एखादी फाइल वाचावयाची असली, म्हणजे तो स्वतः तिला हात लावीत नाही. फाइलीचे नाव सांगून तो प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, मागणी करतो. आणि त्याच्या हाती येतो केवळ एक लहानसा अंक. ह्यालाच फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. पुढील सारे वाचणे-लिहिणे ह्या अंकाच्या आधारे चालते. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी जिची उभारणी आरंभिली, त्या युनिक्समध्ये आणि तिच्याच वळणावर बेतलेल्या लिनक्समध्येही हीच रीत आहे.

अंक कोणता मिळावयाचा, हे मात्र दैवावर सोडलेले नाही. प्रत्येक चालू प्रोग्रॅमची स्वतंत्र यादी असते व तीतील सर्वांत लहान रिकामा क्रमांकच द्यावयाचा, असा नियम आहे. ०, १ व २ हे बहुधा आधीच भरलेले असतात: पहिल्यावरून माहिती आत येते, दुसऱ्यावरून बाहेर जाते, तिसऱ्यावरून चुकीची सूचना निघते. म्हणून पहिल्या फाइलीस ३ मिळतो, मग ४, मग ५. मध्येच ४ मिटली, तर पुढच्या फाइलीस ६ नव्हे, ४ च मिळेल. आम्हां शिक्षकांच्या हजेरीपटात असे चालत नाही. गेलेल्या मुलाचा क्रमांक वर्षभर रिकामाच राहतो.

ह्या नियमाचा उपयोग फार चतुराईचा आहे. प्रोग्रॅम सुरू करण्यापूर्वी १ मिटवून लगेच एक फाइल उघडली, तर ०  भरलेला असल्याने तिला १ हाच क्रमांक लाभतो. मग पडद्यावर उमटणारा मजकूर निमूटपणे त्या फाइलीत जातो; प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही नसतो. पण हेच शस्त्र उलटते. २ मिटलेला असताना हिशेबाची फाइल उघडली, तर तिला २ मिळून चुकीच्या सूचना हिशेबातच लिहिल्या जातील! शिवाय एकाच प्रोग्रॅमचे अनेक धागे एकदम चालत असले, तर मिटणे व उघडणे ह्यांमधल्या क्षणी दुसराच धागा तो अंक पटकावतो. यास्तव हवा तो क्रमांक एकाच क्रियेत बदलून देणारी ‘डुप-टू’ ही आज्ञा वापरणे शहाणपणाचे.

यादी अमर्याद नसते. लिनक्सवर सामान्यतः १०२४ ही मर्यादा आढळते. उघडलेल्या फाइली मिटविण्यास विसरणारा प्रोग्रॅम महिनोन्‌महिने चालला, तर एके दिवशी क्रमांक संपतात. मग फाइलच काय, जाळ्यावरून आलेली नवी जोडणीही त्यास स्वीकारता येत नाही. कारण तिलाही ह्याच यादीतला अंक लागतो.