धुऱ्यावरचा जाम

पुढच्या खोलीत कापूस छताला टेकला आहे. भाव वर सरकेपर्यंत तो तिथून हलणार नाही. त्यामुळे बेला मंडलातल्या या घरात माझ्यासारख्या पाहुण्यांपासून चुलीपर्यंत सगळ्यांची रवानगी मागच्या अंगणात झाली आहे. डिसेंबरची सकाळ. आदिलाबादचा पारा या दिवसांत दहाच्या खाली उतरतो. उन्हाच्या पट्ट्यात घोंगडी पसरून मावशी, त्यांची सून आणि शेजारच्या काकू अंबाडीची बोंडं सोलत बसल्या आहेत.

अंबाडीसाठी इथे कुणी वेगळं रान राखत नाही. कापसाच्या कडेला, धुऱ्यावर ती उभी असते. पावसाळ्यात पाला भाजीला, आता ही लालभडक बोंडं. बुडाशी सुरीने गोल चीर द्यायची, हिरवी बोंडी अंगठ्याने ढकलून बाहेर काढायची, लाल पाकळ्या टोपलीत. पाकळ्या म्हणायच्या एवढंच. खरं फिकट पिवळं फूल केव्हाच गळालं, ही त्याच्या बुडाची दलं. बारीक कुसं बोटांत शिरतात. सोलण्यातच दुपार होते.

सुट्टीला आलेली नात टोपलीत डोकावते. "आजी, चेरीचा जाम?"

"चेरी कुठून आणू माय? आपली अंबाडी हाय."

चेरी काश्मीर-हिमाचलच्या थंडीतली, इथल्या काळ्या मातीत ती कुठून येणार! केकवरची लाल 'चेरी' बहुतेक वेळा पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असतं, असं मी नातीला सांगते. तिचा विश्वास बसत नाही.

सून पितळी गंज उचलते. "ठेव बाई तो, कल्हई गेली त्याची," मावशी म्हणतात, "आंबट हाय हे, कळकंल. स्टीलचा घे." हिरव्या बोंड्या वेगळ्या पातेल्यात उकळतात; त्यांचं बुळबुळीत पाणी गाळून दलांवर ओतलं जातं. जाम धरून ठेवणारं पेक्टिन त्या पाण्यात उतरलेलं असतं. दलं काही मिनिटांतच मऊ पडतात. सून डावाने घोटते आणि गंजात असा रंग चढतो की नात पुन्हा म्हणते, चेरीच.

मग साखर. जितका गर तितकी.

"येवढी?" काकू कळवळतात.

"कमी घातली तं बुरशी येईल."

सुनेचं बरोबर आहे. साखर पाणी असं धरून ठेवते की बुरशीच्या वाट्याला काही उरत नाही.

दुकानातल्या जामच्या बाटलीमागे बारीक अक्षरांत पेक्टिन, सायट्रिक आम्ल आणि रंग छापलेले असतात. इथे विकत आणली आहे ती फक्त साखर. आंबटपणा, रंग आणि घट्टपणा बोंडातलाच. पण याला आजीच्या काळचा पदार्थ म्हणण्याची घाई नको. मावशींच्या आजीने अंबाडीची भाजी केली, चटणी केली. जाम केला नाही. तो सुनेबरोबर आला. तिचं माहेर पैनगंगेपलीकडे, यवतमाळच्या बाजूला. तिथल्या बचत गटात ती हे शिकली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. सोयरिकींनी त्याची दखल घेतलेली दिसत नाही: यातली एक बाटली उद्या किनवटच्या नणंदेकडे जायची आहे.

गंजात आता बुडबुडे जड झाले आहेत, फुटताना थेंब उडतात. सून मागे सरून ढवळते. पुस्तकं १०५ अंश म्हणतात. इथे थंड पाण्यात ठेवलेली ताटली आहे. पहिला थेंब ओघळतो. थोड्या वेळाने दुसरा. बोटाने ढकलताच त्यावर सुरकुती पडते. "उतरव, उतरव!" मावशी ओरडतात. उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटल्यांत कढत जाम ओतला जातो. नात ताटली चाटते आणि एक डोळा मिटते.

हिरव्या बोंड्यांचं बी उगवायचं नाही, म्हणून काकू विचारतात, "बियाले राखली का?"

"चार झाडं हायत धुऱ्यावर. वाळू दे."

गंजाला चिकटलेलं वाया कोण घालवणार? मावशी त्यात गरम पाणी ओततात, खरवडतात, चिमूटभर मीठ टाकतात, सरबत तयार. तेवढ्यात कापूस वेचणाऱ्या बाया डोक्यावर गाठोडी घेऊन फाटकातून आत येतात. सून पेले पुढे करते.

"सरबत पिऊ मंग," पुढची बाई गाठोडं खाली टाकत म्हणते, "आधी काटा लावा."